भुईकाट्याच्या दोन स्क्रीन आणि क्यूट : विंडोच्या मापाचा नि जागेचा अनुभव

भुईकाट्याच्या, म्हणजे मालासकट अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्याच्या, केबिनमध्ये दोन स्क्रीन असतात. एक आत, काटेवाल्याच्या टेबलावर. दुसरी खिडकीच्या काचेला टेकवून, तोंड बाहेर करून. ट्रॉली काट्यावर चढली की ड्रायव्हर उतरतो, काचेपाशी येतो आणि आकडा बघतो. भरलेलं वजन २८,४६०, रिकामं ९,८७०, निव्वळ १८,५९० किलो. आकडा नीट दिसला तर माणूस काही बोलत नाही, पावती खिशात घालून निघतो. स्क्रीन काळी असली, किंवा आकड्याच्या जागी विंडोजचा निळा डेस्कटॉप दिसला, की रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत एकच शब्द पोचतो : काटामारी, म्हणजे वजनात चोरी. हा शब्द आमच्याकडे किती जड आहे ते ऊसपट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे विंडो कुठे उघडते आणि केवढी उघडते, हा माझ्यासाठी सजावटीचा विषय कधीच नव्हता. काचेबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या मालाचा आकडा दिसलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी माझ्या प्रोग्रामची आहे.

मी सांगलीत राहते आणि २००३ पासून भुईकाट्यांची सॉफ्टवेअर लिहिते. ऊस, हळद, तासगावचा बेदाणा, खडी, मुरूम, भंगार, जे काट्यावर येतं त्या सगळ्याची पावती माझ्या प्रोग्राममधून निघते. सुरुवात मायक्रोसॉफ्टच्या जुन्या व्हीबी सिक्सवर केली, मग त्यांच्याच डॉटनेटच्या विनफॉर्म्सवर आले आणि २०१८ पासून क्यूट वापरते. क्यूट म्हणजे डेस्कटॉप प्रोग्राम लिहायचं टूलकिट. मूळ नॉर्वेतलं, हावार्ड नॉर्ड आणि आइरिक चांबे-एंग या दोघांनी उभं केलेलं. पहिली जाहीर आवृत्ती १९९५ची, सहावी मोठी आवृत्ती डिसेंबर २०२०ची. सी प्लस प्लसमध्ये लिहिता येतं, पायथॉनमधून क्यूट वापरायचं तर पायसाइड आहे. त्यात डेटाबेस, नेटवर्क, सिरियल पोर्ट असं पुष्कळ काही आहे, पण इथे मी फक्त विंडोचं माप आणि विंडोची जागा या दोनच गोष्टींबद्दल लिहिणार आहे. कारण नवीन मुलं टूलकिट निवडताना बटणं किती गुळगुळीत दिसतात ते बघतात, आणि या दोन गोष्टी गिऱ्हाइकाचा फोन आल्यावरच कळतात.

आधी मी काय करत होते ते सांगते, म्हणजे क्यूटचं मोल कळेल. व्हीबी सिक्समध्ये फॉर्मचं, म्हणजे विंडोचं, माप ट्विप नावाच्या एककात असायचं. इंचाला १४४० ट्विप, नेहमीच्या ९६ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेलच्या, स्क्रीनवर एका पिक्सेलला १५. फॉर्मवर बटण ओढायचं, हवं तिथे सोडायचं, लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट असे चार आकडे ठरले की काम संपलं. सगळ्या केबिनमध्ये १०२४ बाय ७६८चे चौकोनी मॉनिटर होते तोवर हे बिनबोभाट चाललं. कोणी फॉर्म ताणला तर बाकीची खोकी सरकवायचा कोड रिसाइझच्या इव्हेंटमध्ये, म्हणजे माप बदललं की आपोआप चालणाऱ्या भागात, स्वतः लिहायचा. त्यातही फॉर्म मिनिमाइझ झाला की आतली रुंदी जवळजवळ शून्य व्हायची, माझ्या वजाबाकीतून उत्तर ऋण यायचं आणि ३८० नंबरची एरर येऊन प्रोग्राम बंद पडायचा. त्या इव्हेंटच्या पहिल्याच ओळीत 'मिनिमाइझ असेल तर बाहेर पड' असं लिहायची सवय त्या काळच्या प्रत्येकाच्या हाताला लागलेली होती.

मग रुंद मॉनिटर आले, लॅपटॉप आले, आणि विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं ठराविक टक्क्यांनी मोठं दाखवणं, आलं. एका खडी क्रशरवर मालकांनी नवा पंधरा इंची लॅपटॉप आणला. फुल एचडी, १९२० बाय १०८०. एवढी मोठी स्क्रीन म्हणजे अडचण कसली, असं मला वाटलं. पण लॅपटॉपवर स्केलिंग १५० टक्के होतं. म्हणजे माझ्या जुन्या प्रोग्रामच्या लेखी स्क्रीन उरली १२८० बाय ७२०. त्यातून खालची टास्कबार गेली, उंचीला राहिले ७००च्याही आत. माझा फॉर्म ७०० उंचीचा, न ताणता येणारा, आणि 'पावती छापा' हे बटण अगदी तळाला. ते टास्कबारच्या मागे गेलं. प्रोग्राम चालू, वजन येतंय, नोंद होतेय, फक्त पावती छापता येत नाही. तिथल्या पोराने दोन दिवस टॅबची कळ मोजून सात वेळा दाबून एंटर मारत काम चालवलं. हे ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. चूक लॅपटॉपची नव्हती. ७०० हा आकडा मी लिहिला होता, आणि तो लिहायचा मला काही अधिकार नव्हता.

क्यूटमध्ये पहिल्या आठवड्यात जे जाणवलं ते हेच, की ते तुम्हाला आकडा लिहूच देत नाही असं नाही, पण आकडा लिहायची गरजच पडत नाही. प्रत्येक खोकं, प्रत्येक बटण स्वतःचं योग्य माप स्वतः सांगतं. त्याला साइझहिंट म्हणतात. हे माप येतं अक्षरांवरून : कोणता फाँट, केवढा, त्यात हा मजकूर किती रुंद बसतो, ओळीला उंची किती लागते. मग ही खोकी तुम्ही लेआउटमध्ये ठेवता, आडव्या, उभ्या किंवा चौकटीच्या, आणि सांगता की जास्तीची जागा मिळाली तर कोणी घ्यायची आणि कोणी जागचं हलायचं नाही. सगळ्यांची मापं गोळा होऊन विंडोचं माप निघतं. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर पहिल्यांदा उघडताना विंडो स्क्रीनच्या दोन-तृतीयांशापेक्षा मोठी होत नाही, हेही आतच ठरलेलं आहे. क्यूट सहामध्ये स्केलिंग कायम चालू असतं, वेगळं काही लिहावं लागत नाही. १५० टक्क्यांच्या त्याच लॅपटॉपवर नवा प्रोग्राम टाकला तेव्हा 'पावती छापा' बटण बघायला मी आधी वाकले, आणि ते होतं तिथेच होतं.

मराठी अक्षरांसाठी तर या पद्धतीचे उपकार मानावे तितके थोडे. इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या खोक्यात देवनागरी बसत नाही. वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऱ्हस्व आणि दीर्घ. माझ्या विनफॉर्म्सच्या प्रोग्राममध्ये गावाच्या यादीची ओळ मी १८ पिक्सेल उंचीची बांधून ठेवली होती. त्यात कुपवाडचा उकार कापला जायचा आणि यादीत 'कपवाड' दिसायचं. बुधगावचं 'बधगाव'. गुळाच्या गाडीपुढे मालाच्या खोक्यात 'गळ'. पावतीवर बरोबर छापायचं, म्हणून कोणी तक्रार केली नाही, पण मला ते रोज टोचायचं. माणसाच्या गावाचं नाव स्क्रीनवर चुकीचं दिसणं मला सहन होत नाही. क्यूटमध्ये आल्यावर मी फाँट नोटो सान्स देवनागरी केला, माप दोन पॉइंटनी वाढवलं, आणि यादीची प्रत्येक ओळ आपोआप उंच झाली, शेजारचं लेबल तिच्याबरोबर सरकलं, विंडो जराशी वाढली. कोडमध्ये मी एक फाँट बदलला, बाकी एका ओळीला हात लावला नाही. कुपवाड कुपवाड दिसलं.

वजनाच्या आकड्याचा एक बारकावा मात्र क्यूटही स्वतःहून करत नाही, तो तुम्हालाच करावा लागतो. गाडी काट्यावर चढत असताना आकडा सेकंदाला दोन-तीनदा बदलतो. ९,९९० वरून १०,००० झाला की एक अंक वाढतो, लेबलचं माप वाढतं, लेआउट पुन्हा मांडला जातो आणि शेजारचं सगळं दचकतं. काचेबाहेर मोठ्या अक्षरात हे फार वाईट दिसतं. आकडा थरथरतोय असं वाटतं, आणि थरथरणाऱ्या आकड्यावर विश्वास कोण ठेवणार? उपाय सोपा आहे. अक्षरांची मापं सांगणाऱ्या क्यूटच्या क्यूफाँटमेट्रिक्सला विचारायचं, या फाँटात '८८,८८८' लिहिलं तर किती रुंद होईल, आणि लेबलची कमीत कमी रुंदी तेवढी बांधून टाकायची. आठ हा अंक घेतला, कारण मी वापरते त्या फाँटात तो अंगाने रुंद आहे. आकडा उजवीकडे टेकवायचा. मग तो कितीही बदलो, बाकी काही हलत नाही.

मापाच्या बाबतीत कमी पडणारी एक जागा आहे आणि क्यूटच्या स्वतःच्या माहितीपत्रकात ती कबूल केलेली आहे. लेबलमधला मजकूर जागेनुसार दोन-तीन ओळींत मोडायचा ठेवला, तर त्याची उंची रुंदीवर ठरते, आणि अशा वेळी विंडोचं सुरुवातीचं माप नेमकं येत नाही. कधी खाली उगीच पट्टा राहतो, कधी मजकूर दाटतो. तसंच एखाद्या सोसायटीचं लांबलचक नाव न मोडणाऱ्या लेबलात टाकलं तर सगळी विंडो तेवढी रुंद होते आणि परत बारीक व्हायला तयार होत नाही. मी तिथे आडवं धोरण 'इग्नोअर्ड' ठेवते, म्हणजे विंडो त्या लेबलच्या रुंदीचा विचार करत नाही, आणि नाव मावलं नाही तर शेवटी टिंबं देते. पूर्ण नाव पावतीवर येतंच.

आता जागा. मापापेक्षा हा विषय मला जास्त जवळचा आहे, कारण मी सगळ्यात जास्त चुका यातच केल्या.

पहिली चूक क्यूटच्या आधीची. २०११च्या सुमाराला विनफॉर्म्सच्या प्रोग्राममध्ये मी एक सोय केली होती : बंद होताना विंडो कुठे होती ते लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथेच उघडायचं. काटेवाले खूश होते. मग एका सकाळी मिरजेच्या बाजूच्या काट्यावरून फोन आला. "ताई, प्रोग्राम चालू हाय, खालच्या पट्टीवर नाव दिसतंय, पण वर कायच येत न्हाई." बाहेर हळदीच्या सहा गाड्या उभ्या. मी पोचेपर्यंत तास गेला. काटेवाल्याने आदल्या संध्याकाळी प्रोग्राम मिनिमाइझ करून ठेवला होता आणि तसाच कॉम्प्युटर बंद केला होता. विंडोजमध्ये मिनिमाइझ केलेल्या विंडोची जागा विचारली तर उत्तर येतं आडवी उणे ३२,०००, उभी उणे ३२,०००. म्हणजे कुठल्याही स्क्रीनच्या पार पलीकडे. माझ्या प्रोग्रामने तीच जागा इमानदारीने लिहून ठेवली आणि सकाळी विंडो तिथे नेऊन उघडली. विनफॉर्म्समध्ये यासाठी रिस्टोअरबाउंड्स नावाची गोष्ट आहे, मिनिमाइझ होण्याआधीची जागा सांगणारी. मला ती तेव्हा माहीत नव्हती. ज्यांच्याकडे असे जुने प्रोग्राम अजून चालू आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा : टास्कबारवर त्या प्रोग्रामवर क्लिक करायचं, आल्ट धरून स्पेसबार दाबायचा, मग एम, मग कुठलीही एक बाणाची कळ, आणि माऊस हलवायचा. हरवलेली विंडो माऊसला चिकटून येते. मी हे आता फोनवरच सांगते, गाड्या थांबत नाहीत.

दुसरी चूक क्यूटमध्ये आल्यावरची, आणि तीही सर्वस्वी माझी. क्यूटमध्ये विंडोच्या जागेचे दोन हिशोब आहेत. एक वरची पट्टी, म्हणजे टायटलबार, आणि कडा धरून, दुसरा त्या सोडून, नुसत्या आतल्या भागाचा. 'पॉझ' आणि 'मूव्ह' पहिल्या हिशोबाने चालतात, 'जिऑमेट्री' आणि 'सेटजिऑमेट्री' दुसऱ्या. मी बंद होताना जिऑमेट्रीचा वरचा-डावा कोपरा लिहून ठेवला आणि उघडताना तो मूव्हला दिला. विंडोज १०वर, १०० टक्के स्केलिंगला, या दोन्हींत फरक असतो उजवीकडे ८ आणि खाली ३१ पिक्सेलचा. एका दिवसात कोणाच्या लक्षात येतं? पण रोज ३१ म्हणजे वीस दिवसांत ६२०. काटेवाले काका म्हणाले, "ताई, तुमची पाटी रोज खाली घसरतीया. मी सोमवारी वर ओढून ठेवतो, पुढच्या सोमवारपातूर परत खाली." मी ऐकून घेतलं, पण खरं वाटलं नाही. मग त्यांच्या शेजारी बसून प्रोग्राम दहा वेळा बंद-चालू केला, आणि विंडो माझ्या डोळ्यांदेखत पायरी पायरीने खाली उतरली. प्रत्येक पायरी बरोबर एका टायटलबारएवढी.

या दोन्ही चुकांवर क्यूटकडे एकच उत्तर आहे, ते २००६च्या ४.२ आवृत्तीपासून आहे, आणि मी ते आधी वाचायला हवं होतं : सेव्हजिऑमेट्री आणि रिस्टोअरजिऑमेट्री. पहिलं विंडोची सगळी खबर एका बाइटच्या पुडीत बांधून देतं. कडांसकट माप, मिनिमाइझ किंवा मॅक्सिमाइझ असेल तर त्याआधीचं माप, कोणत्या स्क्रीनवर होती, पूर्ण पसरलेली होती का. दुसरं ती पुडी उघडून विंडो जागेवर बसवतं. आणि बसवताना बघतं, की ही जागा आज स्क्रीनवर आहे का? नसेल तर विंडो ओढून दिसत्या भागात आणतं. स्क्रीनची रुंदी तेव्हाच्या आणि आताच्यात फारच बदललेली असेल तर जुनं माप लावायलाच नकार देतं आणि 'फॉल्स', म्हणजे 'जमलं नाही', असं परत करतं. मग तुम्ही तुमचं नेहमीचं माप लावायचं. हा नकार मला फार आवडला. चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा 'मला नक्की सांगता येत नाही' म्हणणारा कारागीर बरा.

यात आमच्या भागापुरती एक भर घालावी लागते. बहुतेक उदाहरणांत ही पुडी प्रोग्राम बंद होताना लिहून ठेवतात. पण काट्यावरचा कॉम्प्युटर निम्म्या वेळा लाइट गेल्याने बंद होतो. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असली की बंद होण्याचा इव्हेंट येतच नाही. म्हणून मी विंडो हलली किंवा ताणली गेली की दोन सेकंद थांबते आणि तेव्हाच लिहून टाकते. दोन सेकंद यासाठी, की ओढताना तो इव्हेंट शेकड्याने येतो, प्रत्येक वेळी लिहायला गेलं तर प्रोग्राम अडखळतो.

आणि आता काचेकडची स्क्रीन. क्यूट मी सोडणार नाही ते हिच्यामुळे.

बाहेरच्या स्क्रीनवर जायचं आहे फक्त वजनाच्या विंडोला, कडा नको, टायटलबार नको, सगळी स्क्रीन भरून. कागदावर हे दोन ओळींचं काम आहे. पण काट्याच्या केबिनमध्ये केबल बदलतात, मॉनिटर जळतात, दिवाळीला नवा येतो, मालक येऊन मॉनिटरची मांडणी बदलून जातात. दुसरी स्क्रीन मुख्य स्क्रीनच्या डावीकडे मांडली तर तिचे आडवे आकडे ऋण होतात, उणे १९२० पासून सुरू. माझ्या जुन्या कोडमध्ये हरवलेल्या विंडोच्या भीतीने मी 'आकडा ऋण असेल तर शून्य कर' असं लिहिलं होतं. डावीकडे स्क्रीन असलेल्या काट्यावर वजनाची विंडो त्यामुळे आतल्याच स्क्रीनवर येऊन बसायची, काटेवाल्याच्या सगळ्या कामावर पसरून. क्यूटमध्ये आकड्यांशी झटापट लागत नाही. प्रत्येक स्क्रीन ही एक क्यूस्क्रीन वस्तू आहे. तिला विचारता येतं : तुझा पसारा कुठून कुठवर, टास्कबार सोडून किती, तुझा मॉनिटर कोणत्या बनावटीचा, मॉडेल काय, सिरियल नंबर काय. मी क्रमांकावर कधीच विसंबत नाही, कारण केबल बदलली की पहिली दुसरी होते. बनावट, मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून ठेवते. सिरियल रिकामा आला तर मॉडेल आणि रिझोल्यूशन.

पण स्क्रीन सकाळी हजरच नसली तर? बऱ्याच काट्यांवर बाहेरच्या मॉनिटरचं बटण रात्री बंद करतात, आणि सकाळी कॉम्प्युटर आधी चालू होतो, मॉनिटर नंतर, झाडलोट झाल्यावर. काही मॉनिटर, विशेषतः डिस्प्लेपोर्टवर जोडलेले, बटण बंद केलं की विंडोजच्या लेखी अस्तित्वातच राहत नाहीत. क्यूट यासाठी दोन सिग्नल देतं, स्क्रीन आल्याचा 'स्क्रीनअॅडेड' आणि गेल्याचा 'स्क्रीनरिमूव्ह्ड'. पहिला आला की मी ओळख पटवते आणि वजनाची विंडो त्या स्क्रीनवर नेऊन पूर्ण पसरते. काटेवाल्याला काही करावं लागत नाही, मॉनिटरचं बटण दाबलं की आकडा उमटतो. दुसरा सिग्नल त्याहून महत्त्वाचा. स्क्रीन गेल्यावर क्यूट तिच्यावरच्या विंडो मुख्य स्क्रीनवर आणून ठेवतं. साध्या प्रोग्रामसाठी ते योग्यच आहे, विंडो हरवत नाही. पण माझी वजनाची विंडो पूर्ण पसरलेली आहे. ती आत आली तर काटेवाल्याचं सगळं झाकेल. हा सिग्नल ते घडायच्या आधी मिळतो, आणि तेवढ्या वेळात मी ती विंडो लपवते. आत कोपऱ्यात एक लाल पट्टी येते : 'बाहेरची स्क्रीन बंद आहे'. ती पट्टी असताना पावती छापायची की नाही हे मालकाने ठरवायचं, तशी सोय ठेवली आहे. बहुतेकांनी 'छापायची नाही' निवडलं आहे. मला त्या मालकांचा अभिमान वाटतो.

लिनक्सवर जाणाऱ्यांना एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. उबुंटू २२.०४ सारख्या आवृत्त्यांवर विंडो स्क्रीनवर दाखवायला मुळातच वेलँड नावाची नवी व्यवस्था असते, आणि वेलँडच्या रचनेत प्रोग्रामला आपली विंडो स्क्रीनवर नेमकी कुठे आहे ते कळत नाही आणि ती हलवताही येत नाही. ते काम सर्वस्वी डेस्कटॉपचं. त्यामुळे तिथे मूव्हचा मुख्य विंडोवर परिणाम होत नाही आणि रिस्टोअरजिऑमेट्री माप आणते, जागा नाही. क्यूटला यात दोष देण्यासारखं काही नाही, तिथल्या कुठल्याही टूलकिटला हेच लागू आहे. पूर्ण पसरताना मात्र 'या स्क्रीनवर पसर' असं सांगता येतं, त्यामुळे बाहेरची वजनाची विंडो बिनतक्रार चालते. आतली विंडो जुन्या जागी हवीच असेल तर प्रोग्राम एक्ससीबीवर चालवायचा, म्हणजे वेलँडच्या आधीच्या, एक्स नावाच्या व्यवस्थेच्या पद्धतीने. मी एका काट्यावर तसं केलं आहे.

बाकी टूलकिटांबद्दल थोडक्यात. विनफॉर्म्स वाईट नाही, त्यात खोकी कडांना बांधून ठेवायला अँकर आणि डॉक आहेत, पण मूळ विचार आकड्यांचाच, आणि वेगवेगळ्या स्केलिंगच्या दोन स्क्रीन जोडल्या की फार काळजी घ्यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्याच डब्ल्यूपीएफची मापाची पद्धत चांगली आहे, विंडो आतल्या मजकुराएवढी करायची सोयही आहे, जागा लक्षात ठेवायचं काम मात्र तुमचं तुम्ही करायचं. पायथॉनबरोबर येणारं टीकेइंटर शिकायला छान. त्यात माप आणि जागा मिळून एकच मजकुराची ओळ द्यायची असते, ते मला कधी रुचलं नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. परवाना : क्यूटचे मुख्य भाग एलजीपीएल या खुल्या परवान्याखाली फुकट आहेत, लायब्ररी वेगळी ठेवून जोडली तर स्वतःचा कोड उघडा करावा लागत नाही, काही जादा भाग मात्र जीपीएल या जास्त कडक खुल्या परवान्याचे किंवा विकतचे आहेत, ते नीट वाचून घ्या. पायथॉनवाल्यांनी पायसाइड आणि पायक्यूट यांत घोटाळा करू नये. दोन्ही दिसायला सारखे, पण पायक्यूट जीपीएल किंवा विकतच्या परवान्यावर आहे. दुसरं, क्यूट सहा विंडोज ७वर चालत नाही, त्याला विंडोज १० लागतं. आमच्याकडच्या केबिनमध्ये विंडोज ७ अजून पुष्कळ आहे. त्यांना मी क्यूटची ५.१५ आवृत्ती देते; सेव्हजिऑमेट्री, स्क्रीनचे सिग्नल, सगळं त्यातही आहे, फक्त स्केलिंग प्रोग्राम सुरू होण्याआधी स्वतः चालू करावं लागतं.

मापाला मी पाचपैकी साडेचार तारे देते, अर्धा त्या मोडणाऱ्या लेबलांसाठी कापला. जागेला विंडोजवर पाचपैकी पाच. तुम्हाला स्वतःला तपासायचं असेल तर दुकानातला डेमो बघू नका. १३६६ बाय ७६८चा जुना लॅपटॉप घ्या, स्केलिंग १२५ करा, फाँट मराठी ठेवा, दुसरा मॉनिटर डावीकडे जोडा आणि प्रोग्राम चालू असताना त्याची केबल उपटा. मग परत लावा. मी नवा काटा बसवते तेव्हा मालकासमोर हेच करते. मागच्या महिन्यात विट्याकडच्या एका काट्यावर केबल परत लावली, तर बाहेर गाडीची वाट बघत थांबलेला ड्रायव्हर काचेपाशी येऊन म्हणाला, "आला बघा आकडा. आता चढवू का गाडी?"